प्याला, भोग आणि नकार

वाशीम शहरातल्या नाझरीन मंडळीत प्रभुभोजनाचा विधी होतो तेव्हा प्याल्यात वाइन नसते, न आंबलेला द्राक्षरस असतो. या मंडळीचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल वाशीमकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. ऑर्फा स्पायचर या अमेरिकी डॉक्टर बाईंनी ते उभं केलं. हॉस्पिटलमागची चर्च १९०८ मध्ये टेक्सासमधल्या पायलट पॉइंट या गावी आकाराला आलेली आणि दारूच्या बाबतीत कमालीची कडक. सभासदानं दारू घ्यायची नाही, एवढ्यावर ती थांबली नाही. देवाच्या मेजावरही दारू नको, असं तिनं ठरवलं.

हा निर्णय वाटतो तितका साधा नाही. ज्या धर्माच्या प्रवर्तकानं काना गावच्या लग्नात पाण्याची वाइन केल्याची कथा सांगतात आणि शेवटच्या भोजनात द्राक्षारसाचा प्याला उचलून आपल्या रक्ताशी त्याचं नातं जोडलं, त्या धर्मात वाइन ही चैनीची चीज नव्हतीच कधी. ती विधीचा गाभा होती. तरीही १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावात थॉमस वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षांचा रस तापवून तो आंबणार नाही अशी सोय केली, ती बाजारासाठी नव्हे, चर्चमधल्या प्याल्यासाठी. बाटलीबंद द्राक्षरसाचा मोठा धंदा पुढे त्यातूनच उभा राहिला. कॅथलिक चर्चनं मात्र ही वाट धरली नाही. तिच्या कायद्यानुसार मिस्सासाठी खरी, द्राक्षांचीच वाइन लागते. दारूचं व्यसन असलेल्या धर्मगुरूला जेमतेम आंबू लागलेला रस वापरायचा असेल तर त्यासाठी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. एकाच धर्मग्रंथातून दोन टोकाचे प्याले निघाले, आणि त्यातला बिनदारूचा प्याला वऱ्हाडात पोचला.

प्याल्यातून दारू काढून घेतली तर त्यातलं पावित्र्यही जातं का? आणि दारू सोडण्यासाठी देव लागतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर युरोपनं आचरणातूनच देऊन टाकल्यासारखं दिसतं. फ्रान्समध्ये १९६०च्या दशकात वाइनचा खप माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर होता. आज तो चाळीसच्या आसपास आहे. एके काळी तिथल्या शाळांच्या भोजनगृहात मुलांनाही वाइन मिळे; चौदा वर्षांखालच्यांसाठी ती १९५६ मध्ये बंद झाली. आता उलटी पाळी आली आहे. २०२३ मध्ये फ्रेंच सरकारनं न खपलेली वाइन पुन्हा गाळून तिचं अल्कोहोल करण्यासाठी वीस कोटी युरो बाजूला काढले, आणि बोर्दोच्या परिसरात शेतकऱ्यांनी पैसे घेऊन द्राक्षवेली उपटल्या. जगभरात २०२४ मध्ये सुमारे २,१४० कोटी लिटर वाइन खपली, हा १९६१ नंतरचा नीचांक. फ्रान्समधल्या घसरणीमागे ना कुठला संत, ना कुठली शपथ. दुपारच्या जेवणाची लांबलचक सुट्टी आखडली, गाडी चालवताना पकडले जाण्याची भीती आली, १९९१च्या कायद्यानं जाहिरातींना लगाम घातला, तरुणांना आजोबांचं पेय जुनाट वाटू लागलं. गंमत अशी की याच काळात तिथली चर्चही रिकामी होत गेली. वाइन आणि मिस्सा दोन्ही एकदमच टेबलावरून उठले.

म्हणजे धर्माशिवाय दारू कमी होते. पण फ्रान्सचं उदाहरण देऊन हा प्रश्न निकालात काढणाऱ्यांनी एकदा वाशीम जिल्हा नीट बघावा. इथे दारू सोडण्याच्या इतक्या धार्मिक तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात, की 'देव लागतो का' यापेक्षा 'देव नेमका कशासाठी लागतो' हे विचारणं जास्त फळाला येतं.

कारंजा लाड या जिल्ह्यातलंच. दत्तभक्तांना ते नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून माहीत. जैनांना भट्टारकांच्या, म्हणजे धर्मपीठं चालवणाऱ्या गुरूंच्या, गाद्या आणि हस्तलिखितांची भांडारं यांसाठी. अमरावतीला प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांनी याच भांडारांतून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ बाहेर काढून कारंजातून छापले. त्यात 'सावयधम्मदोहा' हा गृहस्थाचा धर्म सांगणारा ग्रंथ १९३२चा. जैन श्रावकाच्या पहिल्या पायरीलाच तीन गोष्टी सुटतात : मद्य, मांस आणि मध. यातलं मद्य का सोडायचं, याचं दहाव्या शतकातल्या अमृतचंद्र आचार्यांनी दिलेलं कारण आजही चकित करतं. दारूनं बुद्धी भ्रमते, हे तर सगळेच सांगतात. त्यांचा दुसरा मुद्दा असा की मद्य हे असंख्य जीवांचं उत्पत्तिस्थान आहे, म्हणून ते पिणारा हिंसा करतो. झिंगला तरी, न झिंगला तरी.

इथे 'आमच्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं' असा ढोल बडवायचं कारण नाही. आचार्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता. आंबणं, फेसाळणं, वास सुटणं यावरून त्यांनी तर्क केला होता. पण आंबवणं हे जिवंत यीस्टचं काम आहे, हे लुई पाश्चरनं एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलं आणि तेच जंतू तापवून मारायची त्याची युक्ती वापरून वेल्चनं आपला रस टिकवला. जैन श्रावक जीव मरू नयेत म्हणून दारू टाळतो. नाझरीन मंडळीच्या प्याल्यातला रस मात्र ते जीव आधी मारल्यामुळेच बिनदारूचा राहिलेला असतो. एकाच जिल्ह्यातली ही दोन माणसं शेजारी बसून पाणी पितील तेव्हा दोघांची कारणं एकमेकांच्या नेमकी विरुद्ध दिशेला असतील.

जैन विचाराचा व्यवहारातला परिणाम फार मोठा आहे. प्रश्न नशेचा नसून आंबवण्याचा असेल, तर 'थोडी', 'कधीतरी', 'फक्त वाइन' या पळवाटाच उरत नाहीत. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच, असा युक्तिवाद राज्यभर ऐकू आला. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराचं भलं, फळांचा रस, आरोग्याला बरी. अण्णा हजाऱ्यांसह अनेकांनी विरोध केला. त्या वादात दोन्ही बाजू नशेच्या मापावर भांडत होत्या. कारंजाच्या पोथ्यांना तो वाद मुळातच बिनबुडाचा वाटला असता.

वाशीम काही नेहमीच असं सोवळं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. हे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखरानं विदर्भातलं हे नगर कामदेवाचं क्रीडास्थान म्हणून वर्णिलं आणि काव्यपुरुषाचं लग्न इथेच लावून दिलं. दंडीनं महाकाव्याची लक्षणं सांगताना जलक्रीडेच्या जोडीला मद्यपानाचं वर्णनही धरलं आहे. म्हणजे दरबारी कवीला पानगोष्ठी रंगवता येणं हा अभ्यासक्रमाचा भाग. वत्सगुल्माच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली गेली. तिथे भिक्षूंच्या विहाराच्या भिंतीवर चषक हाती घेतलेली युगुलं दिसतात. खाली बसून शील घेणारा भिक्षू सुरा आणि मेरय यांपासून दूर राहण्याचं व्रत उच्चारत होता, आणि डोळ्यांसमोर हे चित्र. त्या भिक्षूंना त्यात विसंगती वाटली नसावी.

शास्त्रांनी दारूला बंदी घातली ती माणूस पाहून. मनूनं सुरापानाला महापातकांत बसवलं, पण सर्वांना एकाच मापानं तोललं नाही. शुक्राचार्यांची कथा मराठी माणसाला खाडिलकरांच्या 'विद्याहरण' नाटकामुळे पाठ असते : शिष्य कचाची राख मद्यातून पोटात गेल्यावर गुरूला पश्चात्ताप झाला आणि त्यानं दारूवर शापाची मोहोर उठवली. पण कुणासाठी? ब्राह्मणांसाठी. बाकीच्यांनी प्यायली तर चालेल, आणि प्यायली म्हणून त्यांना खालचं म्हणायला कारणही मिळेल. मोहाची दारू गाळणाऱ्या, देवीला धार घालणाऱ्या जातीजमातींकडे याच चष्म्यातून बघितलं गेलं.

म्हणून पोहरादेवीचं महत्त्व.

मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. इथे सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला लाखो माणसं येतात. महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला, त्यांचं जन्मवर्ष १७३९ मानलं जातं. लदेणीचा तो काळ : बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून तांडे देशभर फिरत. सेवाभायाच्या, म्हणजे सेवालालांच्या, कथेचं वर्म नकारात आहे. देवीनं त्याला सांगितलं, माझा भगत हो. तो नाही म्हणाला. संकटं आली, तरी बराच काळ नाहीच म्हणत राहिला. शेवटी देवीचं मानलं, पण लग्न करायला नकार दिला. त्याच्या नावानं समाजात जे बोल सांगितले जातात त्यांत दारू पिऊ नका, चोरी करू नका, खोटं बोलू नका, हे येतंच.

आता तांड्याच्या दृष्टीनं हे किती अवघड होतं ते पाहावं. मरियामा, जगदंबा, याडी (म्हणजे आई) ही तांड्याची रक्षणकर्ती, आणि तिचा नैवेद्य बोकड आणि दारूची धार असाच अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. सोयरीक ठरवताना, होळीला, पाहुण्याच्या स्वागताला दारू. रेल्वे आली, लदेणी बुडाली, १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या सावलीत भटक्या समाजांवर संशयाचा शिक्का बसला, आणि जी दारू एके काळी विधीतली होती ती काही घरांत पोटापाण्याची झाली. गूळ, मोह, नवसागर, हातभट्टी. पोलिसांच्या धाडी, बायकांवर खटले. अशा समाजाला 'दारू सोडा' सांगणाऱ्याच्या शब्दांत दोन अर्थ सहज मिसळतात : 'स्वतःला सांभाळा' हा एक आणि 'आमच्यासारखे व्हा' हा दुसरा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हणून जे वर्णन केलं, त्यात मांस-मद्य सोडणं ही वर चढायची ठरलेली पायरी. मग सेवालालांचा भक्त दारू सोडतो तेव्हा तो आपल्या याडीला सोडतो का?

पोहरादेवीनं आणि तांड्यांनी याचं उत्तर प्रवचनानं दिलेलं नाही, मांडणीनं दिलं आहे. तांड्यात देवीचा लाल झेंडा आणि सेवालालांचा पांढरा, दोन्ही शेजारी फडकतात. सेवालालांना भोग लागतो तो लापशी आणि तुपाचा; अग्नीवर तूप पडतं, रक्त नाही, दारूही नाही. आई घरातून हाकलली गेली नाही. लेकानं आपलं ताट वेगळं मांडून घेतलं, आणि हळूहळू पाहुणे त्या ताटाकडे वळले. देवीच्या नैवेद्यावरून वाद आजही होतात, बोकडाचे बळी थांबवावेत म्हणून मोहिमा निघतात, समाजातलेच धर्मगुरू त्यासाठी झटले. तरीही हा बदल आतून आलेला आहे. वरच्या जातीच्या ओसरीवर चढण्यासाठी सेवाभायानं दारू सोडायला सांगितली असं मानलं, तर देवीलाही नाही म्हणणारा तो माणूसच हातून सुटतो.

आणि इथे देव कशासाठी लागतो, याचं थोडं उत्तर मिळतं. ज्या समाजात पेला पुढे करणं म्हणजे नातं पुढे करणं, तिथे पेला नाकारणं हा अपमान. व्याह्याला, पंचाला, मोठ्या भावाला नाही कसं म्हणायचं? फ्रान्समधला तरुण 'मला चव आवडत नाही' म्हणून सुटतो, कारण त्याच्या नकारानं कुणाची सोयरीक मोडत नाही. तांड्यातल्या माणसाला तसं सुटता येत नाही. पण त्यानं 'सेवाभायाची आण आहे' म्हटलं, पंढरीच्या वाटेवरच्यानं 'गळ्यात माळ आहे' म्हटलं, की पेला पुढे करणाराच हात मागे घेतो आणि वर माफीही मागतो. वारकऱ्याची तुळशीची माळ जितकी देवासाठी तितकीच लग्नातल्या बैठकीसाठी असते. नकाराला तिच्यामुळे अब्रू मिळते.

वऱ्हाडात याचं सगळ्यात धाडसी उदाहरण गाडगेबाबांचं. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला डेबू. वडील झिंगराजी दारूपायी गेले. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारूचं जेवण घालायचं होतं. डेबूनं गोडाचं जेवण घातलं आणि भाऊबंदांचा राग ओढवून घेतला. तेव्हा तो बाबा झाला नव्हता; त्याच्या गळ्यात ना माळ, ना मागे संप्रदाय. विनाकवच नाही म्हणणं काय असतं हे त्याला पुरतं कळलं असणार. पुढे आयुष्यभर कीर्तनातून हजारो माणसांपुढे दारूवर कोरडे ओढले, तेव्हा त्यानं त्या हजारोंना तेच कवच पुरवलं. गावातला कुणीही आता म्हणू शकत होता, बाबांना शब्द दिलाय.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही एक होती. ती एकट्यानं मनातल्या मनात घ्यायची नव्हती. सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं. शपथेला साक्षीदार हवेत, आणि तिथे प्रत्येकाला शेजारचा साक्षीदार होता. वाशीमच्या गावागावांतल्या बौद्ध वस्त्यांत ती प्रतिज्ञा आजही म्हटली जाते. पाळणं सगळ्यांना जमतं असं नाही. पण मोडली तर मोडली म्हणून कळते, हा फरक.

मंगरुळपीरच्या दादा हयात कलंदर दर्ग्यावर जाणाऱ्या मुसलमानासाठी हा प्रश्न पुस्तकातच सुटलेला. तोही एका दमात नाही : कुराणात आधी दारूचा तोटा फायद्याहून मोठा म्हटलं, मग नशेत नमाजाजवळ येऊ नका, मग पूर्ण मनाई. पिणाऱ्या समाजाला पायरीपायरीनं उतरवण्याची ती रीत व्यवहारी आहे.

आणि ज्यांना पायऱ्याही नकोत त्यांच्यासाठी श्रावण आहेच. एक महिना बंद, आदल्या रात्री गटारी, आणि महिना सरता सरता वऱ्हाडात पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आली की पुन्हा चालू. कीर्तनकार यावर हसतात, ते रास्तच. पण ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी' नावानं नेमकी हीच गोष्ट सुरू झाली, फक्त देवाशिवाय. तिथल्या ऑफिसातल्या माणसाला मित्रांच्या बैठकीत एक महिना तरी नाही म्हणायला काही निमित्त हवं होतं. देव वजा केला तरी निमित्ताची गरज वजा होत नाही, हे त्या मोहिमेनं दाखवलं. म्हणून फ्रान्सचा दाखला अपुरा पडतो : तिथे दारू कमी झाली, कारण तिला चिकटलेलं नातंच आधी सैल झालं होतं.

सरकार या सगळ्यात कुठे बसतं? कायद्यानं महाराष्ट्र अजूनही १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी. दुसरीकडे जून २०२५ मध्ये याच सरकारनं दारूवरचे कर वाढवून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळवायचा बेत जाहीर केला. ज्याची तिजोरी पेल्यावर भरते त्याच्या नावानं कुणी शपथ घेत नाही. वर्ध्याची १९७४ पासूनची बंदी गांधींच्या नावानं उभी आहे. चंद्रपूरची २०१५ मध्ये लोकांच्या चळवळीनं आली आणि २०२१ मध्ये उठली.

एक जागा मात्र सरकारनं खरोखर वेगळी उघडली. २००८च्या आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली, आडवी बाटली. आतापर्यंत सांगितलेल्या जवळपास सगळ्या शपथा पिणाऱ्याच्या, म्हणजे बहुतेक वेळा पुरुषाच्या. माळ त्याच्या गळ्यात, आण त्याची, मोडायचा अधिकारही त्याचाच. न पिणारी, पण पिण्याची किंमत मोजणारी बाई या धर्मविचारात फारशी दिसत नाही. रंगभूमीवर ती 'एकच प्याला'तली सिंधू होऊन सोसत राहते. मतपेटीपाशी तिला पहिल्यांदा स्वतःचं नाही मिळतं, तेही गुप्त, म्हणजे नवऱ्याला न कळता. शपथेला साक्षीदार लागतो, तर या नकाराला साक्षीदार नसणं हीच सोय.

मात्र नियमाची मेख अशी, की आडवी बाटली जिंकायला केंद्रावर आलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. तांड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघून जातात. मतदान त्या दिवसांत लागलं, तर फडात कोयता चालवणाऱ्या बाईचं न दिलेलं मत हिशेबात उभ्या बाटलीच्याच बाजूला पडतं. तिच्या वतीनं सेवाभाया ते देऊ शकत नाही, आणि तारीख ठरवणारे अधिकारी यादीत कोण गावी आहे हे विचारत नाहीत.